उलटून सरळ होणारी होडी

दिवाळीचा फराळ आटोपून आम्ही पानाला चुना लावीत बसलों होतों. इतक्यांत आमच्या वडील भगिनी समोर येऊन बसल्या. घरांत आणि शेजारींपाजारीं त्यांस सगळेच अक्का म्हणतात. त्यांनीं एक छायाचित्र आमच्या हातीं ठेविलें. चित्रांत एक मोठा तलाव होता. त्यांत एक पांढरी होडी आडवी पडली होती. तिचें शीड पाण्यांत बुडालें होतें. आणि तिच्या पोटांतून बाहेर आलेल्या एका फळीवर अक्कांची चौदा वर्षांची नात उभी राहून चक्क हंसत होती.

“तूं एवढें लिहितोस-वाचतोस,” अक्का म्हणाल्या, “तूंच आतां सांग. हिला पुन्हां तळ्यावर जाऊं द्यायची, कीं नाहीं?”

ह्या सदरांतून आम्हीं आजवर लोणच्याच्या बरण्या, गव्हांतील किडे, चष्म्याचे नंबर अशा घरगुती विषयांवर लिहिलें आहे. नौकानयनावर लिहिण्याचा प्रसंग येईल असें कधीं वाटलें नव्हतें. आम्ही नागपूरचे. ज्या गांवांत शून्य मैलाचा दगड उभा आहे आणि ज्याच्यापासून कोणत्याहि दिशेस निघालें तरी समुद्र शेंकडों मैल दूर आहे, त्या गांवच्या माणसानें नावेविषयीं अधिकारवाणीनें कांहीं बोलूं नये हेंच बरें. आम्हांस तळीं नाहींत असें नाहीं. अंबाझरी आहे, फुटाळा आहे, रामटेकजवळ खिंडसी आहे. परंतु ह्या जलाशयांशीं आमचा संबंध म्हणजे सायंकाळीं कांठावर बसून फुटाणे खाण्याचा. पाणी नसलें म्हणजे आम्ही ओरडतों, आणि आलें म्हणजे पळतों.

अक्कांवर पळण्याची वेळ आली होती. त्यांचें घर अंबाझरीच्या सांडव्याखालच्या वस्तींत आहे. २०२३ सालच्या सप्टेंबर महिन्यांतील २२ व २३ तारखांच्या मधली ती रात्र नागपूरकर विसरणार नाहींत. पहांटेपूर्वींच्या चार तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहूं लागला, आणि नागनदी आपलें पात्र सोडून लोकांच्या माजघरांत शिरली. अक्का त्या रात्रीं घरीं एकट्याच होत्या. पाणी कमरेइतकें झालें तेव्हां त्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बसल्या आणि उजाडेपर्यंत तशाच बसून राहिल्या. सकाळीं जवान रबराची नाव घेऊन अंगणांत आले. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं अक्का आयुष्यांत पहिल्यानें नावेंत बसल्या, त्या स्वतःच्या तुळशीवृंदावनावरून! पुन्हां म्हणून पाण्याजवळ जावयाचें नाहीं असें त्यांनीं त्याच दिवशीं ठरविलें, आणि तो नियम आपल्यापुरताच नसून सर्व कुटुंबास लागूं आहे असें त्यांचें मत झालें.

आतां योगायोग पहा. २६ सप्टेंबरला, म्हणजे आम्ही सारे अक्कांच्या घरांतला चिखल उपसण्यांत गुंतलों असतांना, चीनमध्यें चाललेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत नेहा ठाकूर नांवाच्या सतरा वर्षांच्या मुलीनें शिडाच्या होडीच्या शर्यतींत रौप्यपदक मिळविलें. ही मुलगी मध्यप्रदेशांतील देवास जिल्ह्यांतल्या एका शेतकऱ्याची. समुद्राशीं तिच्या गांवाचा संबंध आमच्याइतकाच. ती शिकली भोपाळच्या बड्या तलावावर, तेथील नॅशनल सेलिंग स्कूलमध्यें. आणि त्याच तलावाच्या कांठीं, त्याच दिवशीं, बारा वर्षांच्या एका मराठी मुलीनें ही वार्ता ऐकली आणि आईच्या मागें भुणभुण लावली. ती अक्कांची नात.

अक्कांची नात भोपाळला कशी, हें तरुण वाचकांस सांगितलें पाहिजे. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचें राजधानीपण गेलें, आणि भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाली. कागदपत्रांच्या पेट्यांबरोबर नागपुरांतील पुष्कळ कारकून-कुटुंबें तिकडे गेलीं. अक्कांच्या जांवयाचे आजोबा त्यांतलेच एक. राजधानी गेली ह्याचें दुःख आमच्या पिढीनें वडिलांकडून वारशानें घेतलें होतें. आतां होड्याहि तिकडेच गेल्या असें म्हणावयाचें!

अक्कांस उत्तर देणें प्राप्त होतें. म्हणून आम्ही त्या होडीच्या मागें लागलों. पुस्तकें पाहिलीं, नातीशीं तासन्‌ तास दूरध्वनीवर बोललों, आणि जें कळलें तें इतकें मनोरंजक निघालें कीं, एकट्या अक्कांसाठीं तें ठेवून घेणें बरें वाटेना.

ह्या होडीचा जनक ब्रूस कर्बी नांवाचा कॅनडांतील गृहस्थ. तो नौकाविषयक मासिकाचा संपादक होता, म्हणजे आमच्याच धंद्यांतला. नाव हांकण्यांत तो वाकबगार होता, ऑलिंपिकपर्यंत जाऊन आलेला. परंतु त्याची रोजची मीठभाकर लेखणीवर होती. १९६९ सालीं इयन ब्रूस ह्या त्याच्या मित्राचा त्यास दूरध्वनी आला. एका व्यापाऱ्यास शिबिराचें सामान विकावयाचें होतें. तंबू, खाटा, शेगड्या ह्यांच्या जोडीला मोटारीच्या टपावर बांधून नेतां येईल अशी एखादी लहान होडी त्याला हवी होती. बोलतां बोलतांच कर्बीनें समोरच्या कागदावर रेघोट्या ओढल्या, आणि त्या रेघोट्यांत ही होडी सांपडली. पुढें व्यापाऱ्याचा विचार फिरला आणि तें चित्र कांहीं काळ पडून राहिलें. १९७० च्या शरदांत होडी बांधून अमेरिकेंतील एका शर्यतींत उतरविली. पहिल्या दिवशीं शिडाची बेतणी कांहीं बरोबर बसेना. तें पुन्हां कापून शिवलें, तेव्हां होडी पळूं लागली. १९७१ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत ती लोकांपुढें आली. लेझर हें तिचें नांव. तेव्हांपासून आजपर्यंत अशा दोन लाखांहून अधिक होड्या जगांत झाल्या. कर्बी २०२१ सालीं वारला.

हिचें माप असें. लांबी सुमारें चार मीटर वीस सेंटिमीटर, रुंदी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची, आणि वजन सुमारें एकुणसाठ किलो. ह्या शेवटच्या आंकड्यावर वाचकांनीं क्षणभर थांबावें. अक्कांची नात त्रेपन्न किलोंची आहे. म्हणजे नाव आणि नावाडी जवळजवळ समान वजनाचीं! मोठ्या जहाजाच्या तळाशीं भार घालून तें उभें ठेवितात. ह्या होडीच्या तळाशीं कसलाच भार नाहीं. तिचा भार म्हणजे तिच्यांत बसलेलें माणूस. कोंकणांत ज्यांचें जाणेंयेणें आहे त्यांनीं तेथील लहान होड्यांस एका बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेलें लांकूड पाहिलें असेल. त्यास उलांडी म्हणतात. होडी एका अंगावर कलंडूं लागली म्हणजे ती उलांडी तिला सांवरते. येथें उलांडी म्हणजे नातच. होडींत एक पट्टा असतो. त्याखालीं पाय अडकवून, कांठावर बसून, सगळें अंग पाण्याबाहेर उताणें टाकावयाचें, आणि वारा जितका जोर करील तितकें बाहेर झुकावयाचें. मांड्या भरून येतात असें ती सांगते. आम्हीं हा प्रयोग पलंगाच्या कांठावर करून पाहिला. अर्ध्या मिनिटांत आमची हौस फिटली.

शीड म्हणजे वाऱ्यापुढें धरलेलें फडकें, आणि वारा ढकलील तिकडे होडी जाणार, अशी आमची आजवर समजूत होती. ती अगदींच अपुरी. कारण शर्यतींतला पहिला टप्पा बहुधा वाऱ्याच्या तोंडावरच असतो. वारा भरलें शीड पांखरासारखें फुगीर होतें आणि होडीला मुख्यतः आडवें ओढूं पाहतें. होडीच्या मध्यावरून एक उभी फळी खालीं पाण्यांत सोडलेली असते. ती आडवें जाऊं देत नाहीं. शीड एकीकडून दाबतें, फळी दुसरीकडून अडविते. कलिंगडाची ओली बी चिमटींत दाबून पहा. ती बाजूला जात नाहीं, पुढें सटकते. होडीचें तसेंच होतें. नेमकें वाऱ्याच्या तोंडावर सरळ जातां येत नाहीं, पण त्याच्याशीं सुमारें पंचेचाळीस अंशांचा कोन करून एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे, असें घाटाच्या नागमोडी वाटेसारखें चढत जातां येतें. आणि वारा पाठीशीं असून जोराचा असला, तर ह्या होडीचा मागचा तळ सपाट असल्यामुळें ती पाणी कापण्याचें सोडून पाण्यावर उचलली जाते. मुलें तळ्यांत चपटी चीप फेकतात, ती टप्पे घेत जाते तशी. कर्बीच्या रेघोट्यांतलें मर्म ह्या तळांत आहे असें जाणते सांगतात. पुढें धार, मागें सपाटी. परंतु किती धार आणि किती सपाटी, हें त्याच्या हाताला बरोबर उमगलें होतें.

बाकीच्या रचनेंत त्यानें पुष्कळसें टाकून दिलें आहे. डोलकाठी दोन तुकड्यांची, एकांत एक बसणारी. तिला ताणून धरणाऱ्या तारा नाहींत. शिडाच्या कडेला उशीच्या अभ्र्यासारखी एक लांब नळी शिवलेली असते. ती डोलकाठीवर चढविली कीं शीड लागलें. एक सुकाणू, एक फळी, आणि शीड आवळण्याची व सोडण्याची एक दोरी, जिला आपले कोळी दामण म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांत सगळें जुळून होडी पाण्यांत.

आतां ही होडी कशाची करितात तें. तिचें द्रव्य फायबरग्लास. कांच वितळवून बारीक छिद्रांतून ओढली म्हणजे तिचे केसाहून बारीक तंतु निघतात. त्यांचें कापड विणतात किंवा नुसते पसरून त्यांची चटई करितात. अशा कापडावर राळेसारखा एक कृत्रिम रस ओततात. त्यांत घट्ट करणारें औषध घातलें कीं तो आपोआप तापतो आणि थोड्या वेळांत दगडासारखा होतो. होडीच्या आकाराचा एक मोठा सांचा आंतून मेण लावून आरशासारखा गुळगुळीत केलेला असतो. त्यांत आधीं रंगाचा पातळ थर, मग कांचेचें कापड आणि रस, पुन्हां कापड आणि रस. सुकल्यावर सांचा उघडला कीं होडीचें कवच हातीं येतें. खालचें कवच एका सांच्यांतून, वरचें झांकण दुसऱ्यांतून. आणि दोहोंच्या कडा एकमेकींस चिकटविल्या म्हणजे मध्यें पोकळी राहून होडी पुरी झाली.

“म्हणजे करंजी,” अक्का म्हणाल्या.

ह्याहून नेमका शब्द आम्हांस कोणत्याहि पुस्तकांत मिळाला नाहीं. करंजीची कड नीट मुडपली नाहीं तर तळतांना ती फुटते आणि सारण बाहेर येतें. ह्या होडीचाहि कच्चा भाग ती कडच. फरक इतकाच कीं हिच्यांत सारण म्हणून हवा भरावयाची आहे. कोठें फट पडून पाणी शिरलेंच तर पोकळींत हवेनें भरलेलीं बंद भांडीं आधींच ठेविलेलीं असतात, त्यामुळें ती तळाशीं जाऊं शकत नाहीं.

येथें आम्हांस एका जुन्या ग्रंथाची आठवण होते. ज्या भोजराजाच्या नांवानें भोपाळचा बडा तलाव ओळखला जातो, त्याच भोजाच्या नांवावर ‘युक्तिकल्पतरु’ हा संस्कृत ग्रंथ आहे, आणि त्यांत नौका बांधण्याविषयीं एक प्रकरण आहे. राधाकुमुद मुखर्जी यांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या भारतीय नौकानयनाच्या इतिहासांत त्याचा सविस्तर परामर्श घेतला. ग्रंथकारानें लांकडालाहि चार वर्ण लाविले आहेत. हलकें, मऊ आणि दुसऱ्या कोणत्याहि लांकडाशीं सहज जुळणारें तें ब्राह्मण. हें लक्षण वाचून आमच्या आळींतील कोणाचीहि ओळख पटणार नाहीं. हलकें पण कठीण आणि इतरांशीं न जुळणारें तें क्षत्रिय, आणि नावेला तेंच उत्तम. मऊ व जड तें वैश्य, कठीण व जड तें शूद्र. पुढें तो सांगतो कीं, भिन्न वर्णांचीं लांकडें एकत्र करून बांधलेली नाव टिकत नाहीं. ती पाण्यांत कुजते आणि थोड्याशा धक्क्यानें फुटते.

फायबरग्लास म्हणजे तर सगळा संकर. कांच जड, कठीण आणि ठिसूळ; राळ हलकी, लवचिक आणि कशालाहि चिकटणारी. एकट्या कांचेची नाव पहिल्याच धक्क्याला फुटेल, एकट्या राळेची पिचून जाईल. दोघींची गांठ पडली आणि जें झालें तें हलकेंहि आहे, कठीणहि आहे, आणि उधईला त्याची चवहि लागत नाहीं. तेव्हां भोजराजाचें म्हणणें जुनाट ठरवून आम्ही मोकळे होणार होतों. पण थोडा विचार केल्यावर त्याची निरीक्षणशक्ति मान्य करावी लागली. दोन जातींचीं लांकडें पाणी पिऊन सारखीं फुगत नाहींत; एक फुगतें, दुसरें मागें राहतें, आणि जोड उकलतो. म्हणजे वर्णांचें कांहीं नसून फुगण्याचें आहे. आणि हें दुखणें फायबरग्लासलाहि पुरतें चुकलेलें नाहीं. रंगाच्या थराखालीं वर्षानुवर्षें पाणी मुरलें तर त्यास फोड येतात, आणि थरांमधली पकड सुटली तर होडी मऊ पडते. जुन्या होडीवर हाताचा आंगठा दाबून पारखी माणसें तिची नाडी पाहतात.

लांकूड आणि कांच ह्यांचा मेळ बसविण्याचें मोठें उदाहरण आपल्या शेजारींच गोव्यांत आहे. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत नौदलासाठीं ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी शिडाची नौका बांधली. तिचा गाभा लांकडाचा आणि दोन्ही अंगांस कांचेच्या कापडाचें अस्तर. २००९ च्या ऑगस्टमध्यें कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटे तिच्यांत बसून निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० च्या मे महिन्यांत परत आले. शिडाच्या नावेनें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. योग्य रीतीनें केलेला संकर किती टिकतो ह्याचें ह्याहून चांगलें प्रमाण आम्हांस नको.

सांच्याचा आणखी एक गुण आहे, आणि आमच्या मतें खरी मौज त्यांतच आहे. लांकडी नाव सुतार बांधी. त्याचा हात, त्याचें लांकूड आणि मालकाची थैली ह्यांप्रमाणें प्रत्येक नाव निराळी होई, आणि ज्याची थैली मोठी त्याची नाव जलद. सांच्यांतून निघालेल्या होड्या एकीसारखी दुसरी. कर्बीच्या होडीचा नियम असा कीं, ती जशी कारखान्यांतून आली तशीच हांकावयाची. तिला छिद्र पाडावयाचें नाहीं, तळ घासून आकार बदलावयाचा नाहीं, आपल्या आवडीचें शीड लावावयाचें नाहीं. फरक राहिला तो हांकणाऱ्यांत. हरल्यावर “माझी होडीच वाईट होती” असें घरीं येऊन सांगण्याची सोय उरत नाहीं. परीक्षेंत पडल्यावर पेपर कठीण होता असें सांगणाऱ्या आमच्या घराण्याला हा नियम फार जाचक वाटेल.

परंतु सगळ्यांना एकच माप दिलें म्हणजे न्याय झाला, असें समजण्याचें कारण नाहीं. ही होडी सुमारें ऐंशी किलोंच्या पुरुषाला बेतलेली. तिचें मूळचें शीड सात चौरस मीटरांहून थोडें मोठें. पन्नास किलोंच्या मुलीला तें वाऱ्यांत धरवत नाहीं; ती कितीहि बाहेर झुकली तरी होडी तिला झुगारून देते. त्यावर तोड काढली ती अशी कीं, होडी तीच ठेवावयाची, आणि डोलकाठीचा खालचा तुकडा व शीड तेवढें बदलावयाचें. एक मधलें शीड केलें, पावणेसहा चौरस मीटरांचें. एक लहान केलें, चार पूर्णांक सात दशांशाचें. थोरल्याचा सदरा धाकट्याला देतांना आपण बाह्या दुमडतों, तसें. मूळ होडी १९९६ सालीं ऑलिंपिकांत आली, आणि मधल्या शिडाची स्त्रियांकरितां २००८ सालीं. नेहा ठाकूरनें पदक मिळविलें तें लहान शिडावर, आणि अक्कांची नातहि तेंच वापरते. तोड चांगली, तरी एकुणसाठ किलोंचें धूड कांठावर ओढून आणतांना पोरीला दुसऱ्या दोघींची मदत लागतेच, हें आम्हीं पुढें डोळ्यांनीं पाहिलें. बाह्या दुमडल्या तरी सदरा थोरल्याचाच.

सगळ्यांची होडी एक, तर ती बांधण्याचा हक्क कोणाचा, ह्यावरून जनक, कारखानदार आणि खेळाडूंची संस्था ह्यांच्यांत भाऊबंदकी माजली व ती कोर्टांत गेली. तिचा तपशील कंटाळवाणा आहे. परिणाम इतकाच कीं, लेझर हें नांव एका कारखानदाराकडे राहिलें आणि २०१९ पासून शर्यतींतल्या होडीला इल्का म्हणूं लागले. लहान शिडाची ती इल्का ४.

ह्या खेळांत गुण मोजण्याची रीत उफराटी आहे. पहिल्यास एक गुण, दुसऱ्यास दोन, आणि ज्याचे सर्वांत कमी तो विजयी. शिवाय ज्या एका फेरींत सर्वांत वाईट झालें ती वगळून टाकितात. नेहाच्या अकरा फेऱ्यांचे मिळून बत्तीस गुण झाले. वाईट फेरीचे पांच वजा जातां सत्तावीस. म्हणजे तिची सर्वांत वाईट फेरीहि पांचव्या क्रमांकाची! एक वाईट दिवस हिशेबांतून काढून टाकण्याची ही युक्ति संसारालाहि लागूं करावी, असें आम्हीं अक्कांस सुचविलें. त्यांनीं लक्ष दिलें नाहीं.

त्यांचें लक्ष छायाचित्रावर होतें. म्हणून आम्हीं मुद्द्याला हात घातला. ही होडी उलटते हा तिच्यांतला दोष नव्हे. उलटणार हें धरूनच ती बांधलेली आहे. वारा अंगावर आला कीं दामण ढिली करावयाची, म्हणजे शिडांतला वारा निघून जातो. तेवढा वेळ मिळाला नाहीं तर होडी आडवी होते आणि माणूस पाण्यांत पडतें. त्याच्या अंगांत तरंगविणारें जाकीट असतें. त्यानें पोहत तळाकडे यावयाचें. मध्यावरची ती फळी आतां आडवी बाहेर आलेली असते. तिच्यावर चढून, होडीचा कांठ धरून मागें झुकावयाचें. पाण्यांतली डोलकाठी हळूहळू वर येते, शीड निथळतें, होडी उभी राहते, आणि तिच्याबरोबर आंत उडी घ्यावयाची. बसण्याची जागा इतकी उथळ ठेविलेली आहे कीं तींत फार पाणी मावतच नाहीं. जें मावतें तें होडी चालूं लागली कीं तळाच्या एका छिद्रांतून आपोआप बाहेर ओढलें जातें. तेव्हां छायाचित्रांत पोर बुडत नव्हती. ती होडी सरळ करीत होती.

अक्कांनीं सारें ऐकून घेतलें. मग त्या म्हणाल्या, “हें मला समजलें. पण ती एकटीच असते ना आंत?”

ह्या प्रश्नाला आमच्यापाशीं तयार उत्तर नव्हतें. होडी एकट्याचीच आहे. दुसरें माणूस त्यांत घेतां येत नाहीं. शर्यत चालू असतां कांठावरून कोणी कांहीं सांगावयाचेंहि नाहीं. शिकवितांना गुरुजींची यांत्रिक बोट मागें फिरत असते हें खरें. परंतु शीड हातांत धरून वाऱ्याचा पुढचा झोत कोठून येतो हें ओळखावयाचें तें तिचें तिनेंच. अक्कांस बुडण्याची भीति नव्हती, हें आमच्या तेव्हां ध्यानांत आलें. ओट्यावर बसून ज्या बाईनें एक सबंध रात्र अंधारांत पाणी चढतांना ऐकलें, तिला एकटें असणें म्हणजे काय हें आमच्या आंकड्यांपेक्षां अधिक माहीत होतें. आम्ही म्हटलें, “अक्का, तूं स्वतःच एकदां जाऊन पहा.”

डिसेंबरांत आम्ही दोघें भोपाळला गेलों. सकाळची वेळ होती, थंडी चांगलीच होती, आणि बड्या तलावावर धुकें असल्यामुळें पैलतीर दिसत नव्हता. अक्का शाल लपेटून कांठापासून दहा पावलें दूर खुर्ची मांडून बसल्या. जवळ येण्यास त्यांनीं साफ नकार दिला. पंधरा-वीस पांढरीं शिडें धुक्यांतून निघालीं. त्यांतलें आमचें कोणतें हें आम्हांस ओळखेना, कारण सगळ्या होड्या सारख्या. अक्कांनीं मात्र बसण्याच्या ढबीवरून नात तेव्हांच ओळखिली. “पाठ बघ कशी वांकविते. हिच्या आईचीहि तशीच संवय.”

ऊन वर आलें तसा वारा वाढला. नातीची होडी वळण घेत असतां एका अंगावर गेली, आणि शीड पाण्यावर आपटल्याचा आवाज आम्हांस कांठावर ऐकूं आला. अक्का उभ्या राहिल्या. त्या मोठ्यानें आंकडे मोजूं लागल्या. कां, तें आम्ही विचारलें नाहीं. चार झाले, सात झाले, बारा झाले. चौदाला एक डोकें तळाच्या बाजूला दिसलें. वीसला पोर फळीवर चढली. तिसाच्या सुमारास डोलकाठी वर येऊं लागली, आणि अडतिसाला शीड उभें राहून त्यांत वारा भरला. गुरुजींची बोट दूर होती. ती जवळ आलीहि नाहीं.

अर्ध्या तासानें नात कांठावर आली. ओलीचिंब, ओंठ निळे पडलेले. इतर मुलींच्या मदतीनें होडी ओढून तिनें वाळूवर ठेविली आणि आजीकडे धांवली. दुसरी फेरी बाकी होती, पांच मिनिटांत पुन्हां जावयाचें होतें. अक्का कांठापर्यंत कधीं आल्या तें आम्हांस कळलें नाहीं. त्यांच्या वहाणा पाण्यांत होत्या. त्यांनीं पिशवींतून डबा काढून एक करंजी तिच्या तोंडांत घातली, आणि जाकिटाच्या छातीवरचा पट्टा ओढून पाहिला. तो दोन बोटें ढिला होता.

“हा आधीं घट्ट बांध,” त्या म्हणाल्या, “आणि मग जा.”